गुहागर तालुक्यातलं गावचं घर विकायचंय, वारस-सातबारा-टॅक्सबद्दल मदत हवी

पडवी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून आत सहा-सात किलोमीटर. जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, पुढे खळं, मागे पडवी, गोठा होता तो पडला. घराला लागून १८ गुंठे बाग, हापूसची नऊ कलमं, बाकी माड, काजू, चार रातांबे. आई गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गेली, ती होती तोवर घर उघडं होतं. आता मी पनवेलला, भाऊ नालासोपाऱ्याला, बहीण चिपळूणला. दोन पावसाळे कौलं चाळली नाहीत, माजघरात गळतंय, वाळवी देव्हाऱ्याच्या चौकटीपर्यंत आलीय. मे महिन्यात तिघांनी बसून विकायचं ठरवलं. ते कसं ठरवलं त्यावर लिहीत नाही, लिहवत नाही.

गिऱ्हाईक आलंय. पुण्याचं जोडपं आहे, माणसं चांगली वाटली. घर आणि बाग मिळून ६२ लाख म्हणतायत, त्यातले ४५ चेकने आणि बाकी रोख. या आठवड्यात २ लाख टोकन देतो, नोटरीसमोर कागद करू, खरेदीखत दिवाळीनंतर, असं त्यांचं म्हणणं.

अडचण अशी की सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात १९८४ साली वडील आणि काका अशी दोनच नावं लागली. आजोबांना दोन मुलीही होत्या. थोरली आत्या ८१ वर्षांची, चिपळूणला मुलाकडे असते. धाकटी आत्या गेली, आतोबा तिच्या आधीच गेले, तिची मुलगी डोंबिवलीला आणि मुलगा कॅनडात. काकाही नाही, काकू आणि चुलतभाऊ विरारला. आत्यांची नावं कधी लागलीच नाहीत आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. तर आता नेमकं काय करू, टोकन घेऊ का, टॅक्स किती बसेल, बागेला वेगळा नियम असतो का? जे माहीत असेल ते सांगा.

---

अव्वलकारकून

पडवी, पहिलं काम म्हणजे टोकन घेऊ नका. दोन लाख हातात आले की तुमची मान अडकली. सगळे वारस एका कागदावर येईपर्यंत एक रुपया घ्यायचा नाही.

मी महसुलात ३१ वर्षं काढली, सगळी कोकणात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सातबारा, फेरफार (नाव बदलल्याची नोंद) हे सारा वसुलीसाठी ठेवलेले कागद आहेत. नाव लागलं म्हणून मालकी येत नाही आणि नाव लागलं नाही म्हणून मालकी जात नाही. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा तर निव्वळ घरपट्टीचा, तो दाखवून "घर माझ्या नावावर आहे" म्हणणारे रोज भेटायचे.

आता आजोबांकडे ही जमीन आली कशी ते शोधा. स्वतः खरेदी केली असेल तर ती स्वकष्टार्जित, आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलगे, मुली आणि आजी सगळ्यांना सारखा वाटा. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असं लोक सरसकट म्हणतात, पण ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीबद्दल, बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीचा वाटा १९५६पासून आहेच. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ची दुरुस्ती आणि सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२०चा निकाल वाचावा लागतो आणि तिथलं गणित बारकाईचं असतं, ते वकिलाकडे बसूनच करा.

कुळकायद्यात मिळालेली असेल तर तिसरीच गोष्ट. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवसापासून कुळं मालक मानली गेली आणि पुढे त्या कायद्याच्या कलम ३२ ग खाली किंमत ठरवून ३२ म चं खरेदीचं सर्टिफिकेट मिळालं. अशा जमिनीला कलम ४३ची विक्रीबंदी असते, आता ३२ म ला १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या (जमिनीच्या साऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून बंदी उठते, रक्कम किरकोळच असते पण भरल्याची नोंद सातबाऱ्यावर यायला हवी. "इतर हक्क" हा रकाना एकदा नीट वाचा, सगळी मेख तिथेच असते. आणि १९८४च्या वारसफेरफाराची नक्कल काढा, आत्यांचा जबाब आहे का बघा.

---

खाडीकाठ

एवढं कशाला उकरताय राव. सातबाऱ्यावर दोन नावं आहेत तर दोन घराण्यांनी सह्या करा आणि मोकळे व्हा. ४० वर्षं आत्या बोलल्या नाहीत, आता तुम्ही स्वतःच आठवण करून दिलीत तर कॅनडावाला पण हिस्सा मागेल. आमच्या वाडीत अर्धे व्यवहार असेच झालेत, कोणाचं काही अडलं नाही.

---

सुरंगी

खाडीकाठ, मी त्या न बोललेल्या आत्यांपैकीच एक आहे असं समजा.

आमच्याकडे राजापूर भागात असंच झालं. भावांनी घर विकलं आणि मला कळलं ते गावच्या वाणिणीकडून. पैशाची मला गरज नव्हती आणि मी मागितलेही नसते, मी सही डोळे मिटून केली असती. पण आईने ज्या तुळशीला पाणी घातलं ते वृंदावन दुसऱ्याचं झालंय हे मला बाजारात कळावं? त्यानंतर मी दोन वर्षं भाऊबीजेला गेले नाही. दावा केला नाही, पण करू शकले असते आणि तो घेणारा बिचारा उगीच कोर्टात उभा राहिला असता.

पडवी, तुम्ही चिपळूणला आत्याकडे जा. पहिल्या खेपेला कागद नेऊ नका, वकील नेऊ नका, बहिणीला न्या. घर विकायचं मनात आहे एवढंच सांगा आणि त्या काय म्हणतात ते ऐका.

---

जांभाचिरा

सुरंगीताईंना +१. आणि खाडीकाठ, मी तो "घेणारा बिचारा" आहे.

दापोलीजवळ घर घेतलं, सातबाऱ्यावर तीन भाऊ, तिघांच्या सह्या, खरेदीखत रजिस्टर, सगळं छान. वर्षाने एका बहिणीच्या मुलांनी दावा लावला. आता घर माझ्या ताब्यात आहे पण छपराचा पत्रा बदलायचा तरी मनात येतं की निकाल काय लागेल. विकणाऱ्यांचे फोन लागत नाहीत. राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याला विकला तर त्या बाहेरच्याला कुटुंबासोबत एकत्र ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४४) आणि वाटपाच्या दाव्यात घरातला वाटेकरी बाहेरच्याचा हिस्सा योग्य किमतीत विकत घेऊ शकतो, हे मला आता पाठ झालंय, आधी कोणी सांगितलं नाही. जाहीर नोटीस दिली होती हो, पण ज्या पेपरात दिली तो पेपर ती माणसं वाचतच नव्हती.

तुम्ही विकणारे आहात, पण खरेदीखतात "मिळकत निर्वेध आहे, कोणाचा हक्क निघाल्यास आम्ही तोशीस लागू देणार नाही" असं तुम्हीच लिहून देणार आहात ना? ते वाक्य खरं असेल तेव्हाच सही करा.

---

माडाची सावली

आमी देवगडचे, तुमका खरा सांगतंय. आमच्या काकान टोकन घेतल्यान, पाच लाख, नोटरी केलेलो कागद. मागसून धाकट्या काकान सही करूक नाय म्हटल्यान. घेणाऱ्यान कोर्टात दावो घातल्यान, करार पुरो करून देवा म्हणान. पैसे परत देतंव म्हटला तरी आयकना नाय. चार वर्सां झाली, घर ना इकूक येता ना ऱ्हवाक येता, कौलां सगळी खाली इली. टोकन घेव नकात.

---

पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी झाल्या त्या सांगतो.

शनिवारी गावी गेलो, माळ्यावरची आजीची पत्र्याची ट्रंक उघडली. वर दोन नऊवारी, खाली पंचांगं, आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेलं खरेदीखत, १९५८ सालचं, आजोबांच्या नावाने, रजिस्टर केलेलं, हद्दी लिहिलेल्या: पूर्वेस पऱ्ह्या (ओहोळ), दक्षिणेस गडगा (दगडी बांध), उत्तरेस पाखाडी (पायवाट). घड्यांवर कागद फाटलाय पण शिक्का आणि नंबर वाचता येतो. म्हणजे कुळाची नव्हे, विकत घेतलेली. अव्वलकारकून काका, तुमच्या हिशेबाने चार सारखे वाटे झाले ना? आजी पुढे गेली, तिचाही चौघांतच गेला असणार.

फेरफाराची नक्कल पण मिळाली. त्यात लिहिलंय की दोन मुलींनी "हक्क सोडल्याचा जबाब दिला". सही एकच, अंगठा एक. थोरल्या आत्याला लिहितावाचता येतं, ती सातवी शिकलीय, अंगठा तिचा असेल तर कसा? आणि धाकटी तेव्हा मुंबईत होती.

काल बहिणीला घेऊन आत्याकडे गेलो. तिला तो जबाब आठवतच नाही. घर विकायचं सांगितल्यावर थोडा वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, विहिरीवरचा रहाट आहे का अजून. आहे म्हटलं. सही करते म्हणाली. पैसे नकोत म्हणाली, पण ते मला पटत नाहीये.

---

अव्वलकारकून

होय, चार वाटे. तलाठ्यासमोर दिलेल्या तोंडी जबाबाने स्थावरातला हक्क सुटत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, १९०८च्या नोंदणी कायद्याचं कलम १७. त्यामुळे तो अंगठा कोणाचा यात आता पडू नका, आत्यांचा हिस्सा आहे असं धरून चाला.

आता दोन वाटा. एक, वारसनोंदीचा अर्ज करून आठही जणांची (तुम्ही तिघं, काकू आणि चुलतभाऊ, थोरल्या आत्या, धाकटीची दोन मुलं) नावं लावून घ्या. ई-हक्कवर ऑनलाइन होतो, मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मग नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत नाही आली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. सरकारने २०२५ साली जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठीच, मयतांची नावं काढून वारस लावायला, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या आणि काकांच्या नावांचं काम चटकन होईल. आत्यांचं जुनं राहून गेलेलं आहे, तिथे तहसीलला एखादी खेप जास्त पडेल. दुसरी वाट म्हणजे आत्यांकडून हक्कसोड घेणं. रक्ताच्या नात्यात वारसाच्या मिळकतीला मुद्रांक नाममात्र असतो. पण त्यांना पैसे द्यायचे असतील तर हक्कसोड करू नका, सरळ विकणाऱ्यांत त्यांना घ्या.

८१ वर्षांच्या आहेत ना. आजारी असल्या तर दुय्यम निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेऊ शकतात, तशी तरतूद आहे, अर्ज आणि फी भरून. पायऱ्या चढवत नेऊ नका.

---

ताळेबंद

सीए आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच प्रॅक्टिस. टॅक्सचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आधी रोख. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला (म्हणजे विकणाऱ्या तुम्हाला!) जितकी रोख तितकाच दंड. १७ लाख घेतलेत तर दंड १७ लाख. जुन्या कायद्यात हे २६९ एसएस आणि २७१ डी. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा लागू, कलमांचे आकडे बदलतात, तत्त्व हेच. शिवाय कागदावर ४५ दाखवलेत आणि रेडी रेकनरने (सरकारी दराने) मूल्यांकन ५८ आलं तर टॅक्स ५८ धरूनच लागेल, फरक १० टक्क्यांच्या आत असला तरच सूट. म्हणजे टॅक्स वाचत नाही, दंड तेवढा वाढतो. पूर्ण चेकने किंवा आरटीजीएसने, आणि आठ जणांच्या आठ खात्यांत. सगळे पैसे तुमच्या खात्यात घेऊन नंतर वाटू नका.

आता घर आणि बाग वेगळे धरा. बाग खरोखर लागवडीखाली असेल आणि गाव ग्रामीण असेल, म्हणजे जवळच्या १० हजार ते १ लाख वस्तीच्या नगरपरिषदेपासून २ किमीच्या बाहेर, तर त्या शेतजमिनीवर कॅपिटल गेन (विक्रीच्या नफ्यावरचा टॅक्स) नाही. घर, खळं, अंगण याच्यावर आहे. खरेदीखतात दोन्हींच्या किमती वेगळ्या लिहा, पण खऱ्या लिहा. टॅक्स वाचवायला बाग ५० लाखांची दाखवणारे बघितलेत, प्रश्न आला की उत्तर नसतं.

समजा घराचे ४० आणि बागेचे २२. वारशाने आलेल्या मिळकतीला आजोबांची खरेदी हीच तुमची खरेदी, आणि ती २००१च्या आधीची म्हणून १ एप्रिल २००१चा बाजारभाव धरायचा. त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, पण तो आकडा त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा घर ६ लाखांचं निघालं. २३ जुलै २०२४पासून नियम बदलला, आता दर साडेबारा टक्के आणि महागाईचा निर्देशांक नाही. पण त्या तारखेआधी घेतलेल्या जमीन-घराला, भारतात राहणाऱ्या व्यक्तींसाठी, जुन्या २० टक्के आणि निर्देशांकाने येणारा टॅक्स कमी असेल तर तेवढाच भरायचा. २०२५-२६चा निर्देशांक ३७६. म्हणजे ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार, नफा १७ लाख ४४ हजार, २० टक्क्यांनी ३ लाख ४८ हजार ८००. साडेबाराने केलं तर ३४ लाखांवर ४ लाख २५ हजार. तुम्हाला जुनं स्वस्त. वर ४ टक्के सेस. हे सगळं मिळून, प्रत्येकाने आपल्या वाट्याचं आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. एका घराण्याचा वाटा साधारण ८७ हजार, तुम्हा तिघा भावंडांत प्रत्येकी २९ हजारांच्या आसपास. आत्यांना दुसरं उत्पन्न नसेल तर मूळ करमुक्त मर्यादा (नव्या पद्धतीत ४ लाख) आधी नफ्यातून वजा होते, त्यांना फार कमी बसेल, कदाचित नाहीच.

तोही वाचवायचा तर विकल्यापासून २ वर्षांत दुसरं घर घ्या किंवा ३ वर्षांत बांधा, विक्रीआधी वर्षभरात घेतलेलं असेल तरी चालतं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत पैसे लागले नाहीत तर बँकेत कॅपिटल गेन खातं उघडून त्यात ठेवायचे, साध्या एफडीत नाही, इथे खूप जण चुकतात. नाहीतर ६ महिन्यांच्या आत ५४ ईसीचे बाँड, आरईसी, पीएफसी वगैरेंचे, ५० लाखांपर्यंत, ५ वर्षं काढता येत नाहीत. माझं मत विचाराल तर २९ हजारांसाठी पैसे ५ वर्षं अडकवू नका, टॅक्स भरा.

कॅनडातल्या भावाचं वेगळं. त्याला २० टक्क्यांचा पर्याय नाही, आणि त्याच्या वाट्यावर घेणाऱ्याने टीडीएस कापायलाच हवा, त्याला ५० लाखांची मर्यादा लागू नाही. घराच्या ४० लाखांत त्याचा आठवा हिस्सा ५ लाख, कापताना बहुतेक पूर्ण ५ लाखांवर कापतील. कमी कापण्याचं सर्टिफिकेट आधी काढता येतं, नाहीतर रिटर्न भरून परतावा. तुमच्या बाकीच्यांच्या बाबतीत घराची एकूण किंमत ५० लाख किंवा वर गेली तरच १ टक्का टीडीएस.

---

कातळ

ताळेबंद, हे वाचून ठेवतो, मस्त सोडवून सांगितलंत.

पडवी, एक मोठी गोष्ट राहिली. घेणारे पुण्याचे, त्यांच्याकडे शेतकरी दाखला आहे का? सातबाऱ्यावरची शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, कुळवहिवाट कायदा १९४८चं कलम ६३, कलेक्टरची परवानगी लागते. त्यांच्या स्वतःच्या नावाचा महाराष्ट्रातला सातबारा बघायला मागा, "वडिलांची साताऱ्याला शेती आहे" एवढ्यावर भागत नाही. नाहीतर आठ जणांना गोळा करून रजिस्ट्रारसमोर नेलंत तरी बागेचा व्यवहार अवैध ठरू शकतो. आणि बाग तोडून तुकडा विकायचा विचार असेल तर तुकडेबंदी (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला मनाई) आडवी येते.

दुसरं, मोजणी करा. आधी. कोकणात १८ गुंठे कागदावरचे वेगळे आणि गडग्याच्या आतले वेगळे. आणि घरापर्यंत गाडीरस्ता कोणाच्या जमिनीतून येतो?

---

पडवी

शेतकरी दाखला हा प्रश्न मनातच आला नव्हता. विचारला. नाहीये. ते प्रामाणिक निघाले, म्हणाले आम्हाला माहीतच नव्हतं, नंतर एजंटने सुचवलं की गावातल्या कोणाच्या नावावर बाग घेऊ, मी नको म्हटलं. व्यवहार मोडला. टोकन घेतलं असतं तर? विचारानेच पोटात गोळा येतो.

रस्ता शेजाऱ्यांच्या जमिनीतून पाखाडी आहे, गाडी खालीच थांबते.

---

सुरंगी

एजंटचं ऐकलं नाहीत हे फार बरं झालं. दुसऱ्याच्या नावावर घेतलेली बाग मग त्या दुसऱ्याचीच होते, आणि ती बेनामीच.

---

गलबत

मी मस्कतला असतो, कुलमुखत्यारपत्राबद्दल (पॉवर ऑफ अॅटर्नी) लिहितो कारण आमचं तिथेच अडलं. मोठ्या भावाने मला पत्र दिलं होतं, रत्नागिरीचं घर विकायला. बोलणी होऊन खरेदीखताची तारीख ठरली आणि तारखेच्या आठ दिवस आधी तो गेला. माणूस गेला की कुलमुखत्यारपत्र संपतं. मग वहिनी, दोन मुली, पुन्हा वारसनोंद, त्यात एक मुलगी १६ वर्षांची, अज्ञानाचा (१८ वर्षांखालच्याचा) हिस्सा विकायला जिल्हा कोर्टाची परवानगी, वर्ष गेलं. ज्या दुःखात होतो त्यात ही धावपळ. तुमच्या आठांत कोणी अज्ञान नाही ना बघा.

कॅनडावाल्याने पत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायचं, इथे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचा. आणि ते त्याच्या सख्ख्या बहिणीच्या नावे करा, रक्ताच्या नात्याबाहेर विक्रीचं पत्र दिलं तर मुद्रांक खरेदीखताइतका लागतो. ज्या मिळकतीचं आहे तिचा सर्व्हे नंबर त्यात हवा, "सर्व मिळकती" असं मोघम नको.

---

पडवी

साडेतीन महिन्यांनी येतोय, धागा वर काढतो.

आठही नावं सातबाऱ्यावर लागली. तहसीलला तीन खेपा झाल्या. इतर हक्कात काकाच्या नावे सोसायटीचा १९९२चा बोजा निघाला, ९ हजारांचा, कर्ज केव्हाच फिटलेलं पण बोजा कोणी कमी केला नव्हता. कर्ज फिटल्याचा दाखला आणून तो काढून घेतला. अव्वलकारकून काका, तो रकाना वाचा असं तुम्ही लिहिलं नसतं तर रजिस्ट्रेशनच्या दिवशी कळलं असतं.

मोजणी डिसेंबरात झाली. भूकरमापक यंत्र घेऊन आले, दक्षिणेकडचा हद्दीचा दगड सापडेना. शेजारचे अण्णा, वय ७५ असेल, ते काठी टेकत आले आणि करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवलं, म्हणाले तुझ्या आजोबांनी आणि माझ्या बापाने मिळून पुरलाय. कोयतीने जाळी तोडली, हातभर माती काढली, आणि दगड निघाला. आमचा गडगा त्यापासून चार हात आत होता, म्हणजे इतकी वर्षं आम्हीच आमची जागा कमी समजत होतो. पाखाडीबद्दल वकील म्हणाले की २० वर्षं बिनहरकत वापर आहे म्हणजे वहिवाटीचा हक्क आहेच, पण अण्णांनी स्वतःहून लिहून दिलं, रजिस्टर पण करून दिलं, चहाशिवाय काही घेतलं नाही.

नवे घेणारे तालुक्यातलेच आहेत, शाळामास्तर, त्यांच्या नावचा सातबारा आहे, मी स्वतः महाभूमीवरून डिजिटल सहीचा काढून बघितला. ५७ लाख देतायत, घराचे ३७ आणि बागेचे २०, सगळे बँकेतून. पाच लाख कमी मिळाले याचं भावाला थोडं वाटलं, पण ते घर पाडणार नाहीत, कौलंच बदलणार आहेत, हे ऐकल्यावर तोच म्हणाला देऊन टाकू.

आत्याच्या मुलाने तिची समजूत काढली, तिचा चौथा हिस्सा तिच्याच खात्यात जाणार, हक्कसोड नाही, विकणाऱ्यांत तिचं नाव आहे. कॅनडाचं कुलमुखत्यारपत्र आलं, मुद्रांक लावून झाला. व्हॅल्युअरचा रिपोर्ट झालाय. एक शंका ताळेबंद यांना, व्हॅल्युअरची फी आणि वकिलाची फी नफ्यातून वजा होते का?

---

ताळेबंद

विक्रीसाठीच झालेला खर्च, म्हणजे दलाली, या व्यवहाराच्या कागदांची वकील फी, हे वजा होतं. पावत्या ठेवा. व्हॅल्युअरची फी टॅक्सच्या कामासाठी आहे, ती मी धरत नाही. मार्चच्या आत रजिस्ट्रेशन झालं तर हे २०२५-२६चंच वर्ष धरायचं, मग अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत (रजिस्ट्रेशन त्यानंतर झालं तर ३१ मार्चपर्यंत) भरून टाका, व्याज वाचेल. आत्यांना व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर ६० वर्षांवरच्यांना अॅडव्हान्स टॅक्सची सक्ती नाही, त्यांनी रिटर्नच्या वेळी भरला तरी चालतो.

---

सुरंगी

देवांचं काय केलंत?

---

पडवी

सुरंगीताई, देव बहिणीने चिपळूणला नेले, गुरुजींना विचारून. गणपतीही आता तिच्याकडेच. शिमग्याला पालखी घरी यायची, ती आता मास्तरांकडे थांबेल, त्यांनी आधीच गावकऱ्यांना सांगितलंय आणि आम्हाला सगळ्यांना त्या दिवशी जेवायला बोलावलंय.

रजिस्ट्रेशन पुढच्या गुरुवारी. आत्या म्हणते घरी कोणाला बोलावू नका, मी येते ऑफिसात, त्यानिमित्ताने घर बघून येईन. तेव्हा सकाळी सातला चिपळूणहून गाडी, आधी घर, मग ऑफिस. रहाटाला नवा दोर लावून ठेवलाय.

---

अव्वलकारकून

आठ जणांचं आधार-पॅन मूळ आणि झेरॉक्स, दोन ओळखदार, मोजणीची क प्रत (नकाशा), आणि आत्यांसाठी पाण्याची बाटली आणि खुर्ची. दुपारी सर्व्हर बंद पडतो, सकाळचाच टोकन नंबर घ्या.